बंदीच्या दिवसाचं ताट

सासूबाईंना घेऊन मी दारूच्या गुत्त्यात गेलो होतो. एवढ्या एका वाक्यात सांगितलं की माझी बाजू अगदीच लंगडी पडते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. आमच्या घरात मात्र ही गोष्ट इतकी वर्षं एवढ्या एका वाक्यातच सांगितली जाते, आणि तीही पाहुणे आले की मुद्दाम.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही घाटकोपरला नवीनच राहायला आलो होतो. इमारत चांगली, पाण्याची बोंब नाही, शेजार सज्जन. पण झाडून सगळा शेजार शाकाहारी. पहिल्याच रविवारी हिने बांगडे तळायला घेतले आणि दारात सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून उभे राहिले. भांडले असते तर मीही भांडलो असतो. पण ते नुसते हात जोडून उभे होते. हात जोडलेल्या माणसापुढे माझं कधीच काही चालत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी मासे शिजायचे बंद झाले आणि आम्ही दोघं कोकणातली माणसं माशांच्या आठवणीवर दिवस काढू लागलो.

अशात गांधी जयंतीच्या दुपारी मी आग्रा रोडने विक्रोळीच्या बाजूला चाललो होतो. कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे एक हॉटेल दिसलं. दारात रांगोळी. टेबलांवर धुतलेल्या चादरी. आत बायका, पोरं, एक आजीबाई पाय वर घेऊन खुर्चीवर बसलेल्या. आणि वास! सुरमईच्या आमटीचा, तिरफळं घातलेल्या, खऱ्या आमटीचा. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की घरगुती हॉटेल म्हणतात ते हेच.

पुढे काही दिवसांनी मला बढती मिळाली. मोठी नव्हती, टेबल तेच राहिलं, फक्त खुर्चीला हात आले. पण सासूबाई गावाहून आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे मला जरा मिरवायचं होतं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना टॅक्सीत घातलं आणि त्या हॉटेलाच्या दारात उतरवलं. रांगोळी नव्हती. मी म्हटलं, पुसली गेली असेल. दार ढकललं.

आत लाल दिवा, धूर, आणि प्रत्येक टेबलावर ग्लास. कारखान्यातून परस्पर आलेली माणसं, काहींच्या अंगावर अजून निळे डगले. आम्हाला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या मागे काठापदराची साडी नेसलेल्या सासूबाई, त्यांच्या मागे ही, हिचं बोट धरून दोन मुली. पळ काढायलाही मागे जागा नव्हती.

तेवढ्यात गल्ल्यामागून आवाज आला, "ग्लास खाली."

आणि खरंच, सगळे ग्लास एका दमात टेबलांखाली गेले. शाळेत साहेब आले की पाट्या खाली जायच्या, तसे. गल्ल्यामागून एक बुटका, अनवाणी माणूस बाहेर आला. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळाला गंध. तो थेट सासूबाईंपुढे येऊन वाकला.

"या आई. बसा." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाला, "मालक, आज तुमचा दिवस नाही. आज ह्यांचा. पण आलात ना? मग जेवूनच जायचं."

त्याने आम्हाला मुदपाकखान्यात नेलं, देवांच्या तसबिरीखाली बाकावर बसवलं आणि स्वतः वाढलं. घरी परतताना सासूबाई टॅक्सीत म्हणाल्या, "जावईबापू, जागा वाईट. माणूस चांगला. कढी उत्तम." त्यांनी माझं नाव त्या यादीत कुठेच घेतलं नाही.

तो माणूस म्हणजे मालक. त्याला सगळे मालकच म्हणत आणि तोही आल्या-गेल्या प्रत्येकाला मालक म्हणे. एकदा मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाला, "तुम्ही बसता, मी उभा. मग मालक कोण?"

परमिट रूमचा मालक कसा असतो याची माझी जी काही कल्पना होती, त्यातलं याच्यात काही नव्हतं. त्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. हॉटेलात चप्पल घालत नसे, कारण तिथे अन्न शिजतं. बाकीच्या हॉटेलांत गल्ल्यावर बाटल्यांच्या शेजारी देव असतात, हार-उदबत्तीसकट. याने देव आत चुलीपाशी नेले होते. "देव भाताच्या बाजूला," तो म्हणे. दारू मापाने द्यायचा, थेंब इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. भात मात्र नुसता हाताने, हातात येईल तेवढा.

त्या काळी प्यायला परवाना लागे, आणि परवाना मिळे तो प्रकृतीसाठी. म्हणजे कागदावर असं लिहिलेलं असायचं की या गृहस्थांच्या तब्येतीला दारूची गरज आहे. सगळ्या मुंबईत हा कागद खिशात ठेवून लोक मजेत पीत होते. मालक तो कागद खरा मानायचा. गिऱ्हाईक बसलं की फडकं खांद्यावर टाकून समोर उभा राहायचा.

"प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे, मालक."

"बरी आहे? मग इथे कशाला आलास?"

"तसं नाही... जरा अंग दुखतंय."

"कुठे दुखतंय?"

नवीन माणूस चिडायचा. जुने मात्र दुखणी तयार ठेवून यायचे. कुणाची पाठ, कुणाचा गुडघा. मालक शांतपणे ऐकून घ्यायचा आणि ठरवायचा. "गुडघ्याला एक पुरे." दुसरा मागितला तर म्हणे, "दुसरा गुडघापण दुखायला लागला काय रे?" हसायचा नाही. हे सगळं तो इतक्या गांभीर्याने करी, की खरंच काळजी आहे की थट्टा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. हल्ली वाटतं, काळजीच होती.

पण त्याचा खरा विक्षिप्तपणा म्हणजे बंदीचा दिवस.

राष्ट्रीय सण, गांधी जयंती, निवडणूक असं काही आलं की दारूविक्री बंद. आग्रा रोडवरच्या बाकीच्या परमिट रूम त्या दिवशी शटर ओढून मोकळ्या व्हायच्या. मालक मात्र आदल्या संध्याकाळी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगायचा, "उद्या बंदी. उद्या मंडळींना घेऊन ये. तुझ्याच खुर्चीवर बसवायची." आणि हे आमंत्रण नव्हतं. जो बंदीच्या दिवशी बायकोला घेऊन आला नाही, त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. म्हणून त्या गांधी जयंतीला मला ते घरगुती हॉटेल दिसलं होतं. मी जी माणसं पाहिली ती रोज तिथे पिणाऱ्यांची बायकामुलं होती, त्याच खुर्च्यांवर.

आमची गोष्ट वेगळी. आमच्या घरातलं कुणी तिथे पीत नसे. पण मासे खायची दुसरी सोय नव्हती आणि सासूबाईंचा दाखला होता, म्हणून आम्ही बंदीच्या दिवसाचे गिऱ्हाईक झालो. निवडणूक जाहीर झाली की आमच्या मुली टाळ्या पिटायच्या. शेजाऱ्यांना वाटे, केवढी ही लोकशाहीची आवड!

दळवी नावाचा एक फिटर होता. उंच, अबोल. त्याची बायको पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो, कारण आमचं टेबल शेजारीच होतं. बाई ठसठशीत होती. ती आधी बसलीच नाही. उभ्यानेच विचारलं, "तुमची खुर्ची कुठली?"

दळवीने कोपऱ्यातली दाखवली.

"रोज हीच?"

"साधारण."

"उठा तिथून." ती स्वतः त्या खुर्चीवर बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "अहो, इथून तर नुसती भिंत दिसते. भिंत बघायला येता होय रोज? आपल्या घरी काय भिंती नाहीत?"

सगळे हसले. दळवीही हसला, पण मान खाली घालून. मालक तेवढा हसला नाही. त्याने पुढे होऊन ती खुर्ची उचलली आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवली. "चुकलं माझं, वहिनी," म्हणाला. ती खुर्ची पुढे तशीच राहिली. दळवीच्या बायकोला रोज संध्याकाळी माहीत असायचं की नवरा कुठे बसलाय, कुठे तोंड करून बसलाय आणि भात खाल्ल्याशिवाय मालक त्याला सोडणार नाही. ती हिला एकदा म्हणाली, "पितो, ते पितोच. पण हरवत नाही ना!"

भाताचा नियम रोजचाच होता. शेवटचा ग्लास झाला की समोर ताट यायचं. भात, आमटी. त्याचे पैसे नाहीत. नको म्हणायची सोय नाही. "रिकाम्या पोटी दारातून बाहेर पडायचं नाही, मालक. पडायचं असेल तर उद्यापासून समोर जा." समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडचा मोठा बार.

आता बंदीच्या दिवसाच्या त्या दुसऱ्या ताटाचं सांगतो.

मुदपाकखान्याच्या दाराशी एक लहान टेबल होतं. बंदीच्या दिवशी सगळं हॉटेल भरलं, लोक दारात ताटकळले, तरी त्या टेबलावर कुणी बसायचं नाही. वर एक पितळी ताट पालथं घातलेलं, शेजारी झाकलेलं पाण्याचं भांडं. आमची धाकटी एकदा तिथे जाऊन बसली, तर वेटरने तिला अलगद उचलून आमच्याकडे आणलं. मी अशा गोष्टी बघून गप्प बसणारा. ही नव्हे. हिने मालकालाच विचारलं.

"आमच्या मंडळींचं ताट," तो म्हणाला.

"येणार आहेत?"

"दर बंदीला बोलावतो."

"मग?"

"ती म्हणते, घराक भात आसा."

एरवी तो मुंबईचं मराठी बोले. तेवढं एक वाक्य बायकोच्या शब्दांत, मालवणीत आलं. मग तो दुसरीकडे वाढायला गेला. त्या दिवशी आम्ही उशिरापर्यंत होतो. सगळे गेल्यावर त्याने ते ताट उचललं आणि स्वतः घासलं. कुणी जेवलेलं नसताना. मग तो उभ्याउभ्याच दोन घास जेवला.

पुढच्या खेपेला तो हिला म्हणाला, "ताई, मसाला हवा तर आमच्या घरी मिळेल. कांजूरमार्गला. मालवणी, एक नंबर. पण माझं नाव सांगू नका. महाग देईल."

ही गेली. आणि मग जातच राहिली. मसाला संपायच्या आत जायची. तिथून येऊन मला थोडं थोडं सांगायची, आणि त्या तुकड्यांतून मला ते घर कळत गेलं.

मालकाची आधी गिरणगावात खानावळ होती. गिरणीतली गावची पोरं जेवायची. संप झाला, गिरण्या थंडावल्या, पोरं गावी गेली, खानावळ बसली. तो इकडे उपनगरात आला, पुन्हा खानावळ घातली, ती चालली नाही. मग कुणीतरी एक चालू परमिट रूम चालवायला देऊ केली. बायकोचा एकुलता एक भाऊ, गिरणीतलाच, दारूने गेलेला. ती म्हणाली, उपाशी राहू, पण हा धंदा नको. मालकाने धंदा घेतला. तिने भांडण केलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्या पैशाचा दाणा तोंडात घातला नाही. मसाला कुटला, कुळथाचं पीठ दळून विकलं, आणि स्वतःपुरतं स्वतःचं शिजवलं. एका खोलीत दोघं राहत होती. तो परतायचा तेव्हा ती झोपलेली, ती उठायची तेव्हा तो माशांच्या बाजारात गेलेला. तो घरी जेवत नसे. कसा जेवणार? ती म्हणणार, हे माझं. तो म्हणणार, मग माझं काय?

ही मसाला आणायला गेली की ती बाई हटकून विचारायची, "दुपारचे जेवतत की नाय?" आणि बंदीच्या दिवशी मालक हिला विचारायचा, "परवा गेला होता ना? बारीक झालीय काय हो?" एका घरातली दोन माणसं एकमेकांची प्रकृती माझ्या बायकोकडून काढून घेत होती. मी हिला म्हटलं, "दोघांना समोरासमोर बसवून एकदा सांग ना." तर ही म्हणाली, "तुम्ही तुमच्या साहेबांना समोरासमोर काय सांगता ते मला माहीत आहे. गप्प बसा."

पुढे एका वर्षी दारू देण्याची वेळ अलीकडे आणली. कुणाच्या डोक्यातून निघालं, कशासाठी, ते आठवत नाही. हेतू चांगलाच असणार. लोकांनी कमी प्यावं. पण झालं असं की दुसऱ्या पाळीची माणसं आता पोचायचीच नाहीत, आणि जी पोचायची ती घाईत. समोरच्या बारमध्ये वेळ संपत आली की वेटर ओरडायचा आणि लोक एकदम तीन-तीन ग्लास पुढ्यात मांडून घ्यायचे. पूर्वी जे दोन तासांत प्यायचे ते आता घटकाभरात ढोसायचे आणि तसेच रिकाम्या पोटी बाहेर पडायचे. फुटपाथवर ओकाऱ्यांची थारोळी दिसू लागली.

मालकाने हिशेब उलटा मांडला. सरकारच्या वेळेच्या अर्धा तास आधी त्याने दारू द्यायची बंद केली. त्या अर्ध्या तासात भात. "सरकारची वेळ दारूसाठी," म्हणायचा, "भाताला कोणी वेळ ठेवलीच नाही. ती मी माझ्यातली देतो."

दळवी म्हणाला, "मालक, लोक समोर जातील."

"जाऊदेत."

"धंद्याची वाट लागेल, यार."

"लागूदे. तू जेव."

लोक समोर गेले. एक वेटर समोर गेला, मग दुसरा. संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. तपासणीला येणारे एक इन्स्पेक्टर होते, हसतमुख गृहस्थ. ते म्हणाले, "मालक, उशिरा बंद करणाऱ्यावर खटला भरायचा हे आम्हाला शिकवलंय. लवकर बंद करणाऱ्याचं काय करायचं, हे कुठे लिहिलेलंच नाही." मालक त्यांनाही विचारायचा, प्रकृती कशी आहे म्हणून.

मग गांधी जयंती आली. आम्ही नेहमीप्रमाणे दुपारी चौघं निघालो. सासूबाई नव्हत्या; त्या त्याच वर्षी गेल्या होत्या. शेवटी शेवटी त्यांनाही ती कढी आठवायची.

हॉटेलाच्या दारात रांगोळी होती. शटर मात्र बंद होतं, त्याला कुलूप. बाहेर फुटपाथवर पाच-सहा कुटुंबं उभी, नटूनथटून. मध्ये एक हातगाडी, तिच्यावर टोप, स्टो, बर्फातले मासे. आणि गाडीची दांडी धरून मालक, अनवाणी.

इन्स्पेक्टर सकाळी येऊन गेले होते. कुणीतरी वर तक्रार केली होती की बंदीच्या दिवशी हा जेवणाच्या नावाखाली दारू विकतो. कोणी केली ते सगळ्यांना कळत होतं, कुणी समोरच्या बारकडे बघितलं नाही. इन्स्पेक्टर बिचारे अवघडून म्हणाले होते, "मालक, मला ठाऊक आहे हो. पण परवान्याची जागा एक, दार एक. दारू बंद तर जागा बंद."

"साहेब, दारू बंद. भात चालू."

"भाताला वेगळं दार असतं तर उघडं ठेवलं असतं."

आता ऊन डोक्यावर. मासे थांबणार नव्हते. माणसं परतही जाईनात. दळवीची बायको म्हणाली, "मग आता?" मी म्हणालो, "इथेच फुटपाथवर स्टो पेटवला तर?" माझ्या या सूचनेकडे कुणी लक्षही दिलं नाही, हे बरंच झालं.

मग ही पुढे झाली. "मालक, तुमच्या घरी चूल आहे ना?"

त्या चुलीचं दळवीला ठाऊक होतं, वेटरांना ठाऊक होतं. मालकाने दांडीवरचा हात काढला नाही.

"चूल आसा," तो म्हणाला. "पण ती माझी नाय."

"विचारायला काय हरकत आहे?"

"कधी विचारलं नाही, ताई. मी तिला नेहमी माझ्याकडे बोलावलं."

"मग आज विचारा."

वरात निघावी तशी आमची ती मिरवणूक कांजूरमार्गला निघाली. पुढे हातगाडी, मागे ठेवणीतल्या साड्या आणि रडकुंडीला आलेली पोरं. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली होती. जबाबदारीचं काम मला कुठेच देत नाहीत.

चाळीच्या तळमजल्यावर शेवटची खोली. दारात ती बाई मिरच्यांची देठं खुडत बसलेली. कृश, बोटं लाल झालेली. तिने वर बघितलं, आधी नवऱ्याकडे, मग आम्हा सगळ्यांकडे.

"आज येवढ्यात?"

"सरकारान शटर पाडल्यान," मालक म्हणाला.

"मगे?"

"लोकां इली आसत. माशे सकाळीच घेतलंय."

तिने हातगाडीकडे बघितलं. "माशे कसल्या पैशाचे?"

हा एक क्षण होता, जिथे कुणीही थोडं खोटं बोललं असतं. मी तर नक्कीच बोललो असतो. बायकोशी बोलताना थोडं इकडचं तिकडे केल्याशिवाय माझं वाक्यच पुरं होत नाही. मालक म्हणाला, "तेच पैशे."

तिच्या हातातली मिरची तशीच राहिली. मला वाटलं, ती आत जाऊन दार लावणार. हिनेही माझा दंड धरला होता.

"माशे घरात येवचे नाय," ती म्हणाली.

"बरां."

"गॅलरीत शिजवा." ती उठली, पदराला हात पुसले. "भात माझो."

मग हिच्याकडे बघून, "तू आत ये गो. तांदूळ धुवक घे."

गॅलरीत स्टो पेटले. शेजारच्यांनी पाट दिले, पत्रावळी आणल्या. आत तिच्या चुलीवर तिच्या तांदळाचा भात, बाहेर स्टोवर त्याची सुरमई. गॅलरीभर पंगत बसली. दारूच्या पैशाची आमटी आणि मसाल्याच्या पैशाचा भात आम्ही एकत्र कालवून खाल्ला. खाताना मला त्याचं काही वाटलं नाही. भूक लागली होती.

मालक आमटीचं भांडं घेऊन वाढायला निघाला, तोच आतून हाक आली. "तुमी आत बसा."

"पंगत वाढतंय."

"वाढतीत ते. तुमी बसा."

मी दाराशीच बसलो होतो, म्हणून दिसलं. आत जमिनीवर दोन ताटं मांडली होती, समोरासमोर. भात, कुळथाची पिठी, लोणच्याची फोड. सुरमई नाही. मालक मांडी घालून बसला. हॉटेलात मी त्याला कधी बसलेलं बघितलं नव्हतं, नेहमी उभा. बसल्यावर तो फारच लहान दिसला. ती समोर बसली. दळवी मागून ओरडणार होता, मालकांना मासा द्या म्हणून. हिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो पुन्हा आपला भात कालवू लागला.

दोघांनी भात कालवला. मग ती म्हणाली, "मीठ कमी झालां?"

"नाय. बरोबर आसा."

एवढंच. जगाला प्रकृती विचारणारा माणूस, त्याने बायकोला तेवढं काही विचारलं नाही. आणखी भात मात्र मागून घेतला.

त्यानंतर बंदीच्या दिवशी ते हॉटेल कधी उघडलं नाही. त्याने कुठे अर्ज केला नाही, दुसरं दार पाडून घेतलं नाही. बंदी आली की रांगोळी न काढता घरी जायचा. आमची पंगतही मोडली. दर वेळी इतकी माणसं कुणाच्या दारात नेणार? इतर दिवशी तो आपला अर्धा तास आधी दारू बंद करीत राहिला आणि एकेक खुर्ची रिकामी होत गेली. शेवटी दळवीची तेवढी उरली, रस्त्याकडे तोंड केलेली. मग एके दिवशी परवाना परत गेला, जागा समोरच्या बारवाल्याने घेतली. दोघं गावी गेली. हिला मसाल्याची पुडी वर्षातून एकदा यायची, कुणा ना कुणाच्या हाती.

एका वर्षी पुडी आली नाही. मग दळवी बाजारात भेटला. म्हणाला, मालक गेले. दुपारी जेवून पडले होते, उठलेच नाहीत.

मी घरी येऊन हिला सांगितलं, आणि मग मला बोलल्याशिवाय राहवेना. येरझाऱ्या घालत मी म्हटलं की या सरकारने एका भल्या माणसाची माती केली. आधी वेळ कापली, मग दिवसच काढून घेतला. बार चाललेत आणि भात वाढणारा उठला. कुणाला पत्र लिहायला हवं, वर्तमानपत्रात द्यायला हवं. मी बराच वेळ बोललो. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. मला वाटलं, रडतेय.

वळली तेव्हा हातात भाताचं पातेलं होतं.

"लिहा पत्र," ती म्हणाली. "पण अहो, त्याचं दार उघडं होतं तोवर तो तिथेच उभा होता, तिचं ताट मांडून. घरी जेवायला गेला तो शटर पडलं तेव्हा. हेही लिहा पत्रात." मग पातेलं खाली ठेवलं. "आणि आता बसा. दुपारपासून तुम्हीही जेवला नाहीत."